दाण्याचा पंचनामा झाला, पेंढ्याचं काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरअखेरच्या पावसाने गोव्यातल्या भातशेतीचं जे नुकसान केलं त्याच्या बातम्या आपल्या दैनिकाने ठळकपणे दिल्या. आडवी पडलेली शेतं, पाण्यात बुडालेल्या लोंब्या, उभ्या पिकात दाण्याला फुटलेले कोंब, यांची छायाचित्रंही छापली. शेतकऱ्याच्या बाजूने वर्तमानपत्र उभं राहतं याचं समाधान वाटलं. पण त्या छायाचित्रांत लोंब्यांच्या खाली काळा पडलेला पेंढा दिसत होता, त्याच्याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. मी पेडणे तालुक्यातली दूध उत्पादक आहे. गोठ्यात पाच दुभत्या गायी आहेत, वासरं आहेत. भातशेती थोडी आहे, आणि ती आम्ही जितकी घरच्या तांदळासाठी करतो तितकीच गुरांच्या पोटासाठी करतो. दाणा गेला तर तांदूळ दुकानात मिळतो. पेंढा गेला की फेब्रुवारीपासून मेपर्यंत गव्हाणीत काय घालायचं, हा प्रश्न रोज सकाळी समोर उभा राहतो.

आमच्याकडे गुरांच्या वर्षाचं गणित दोन गोष्टींवर चालत आलं आहे. एक भाताचा पेंढा आणि दुसरं सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचं, करड, म्हणजे कापून वाळवायचं रानगवत. मृगाच्या पावसात सडा हिरवा व्हायचा, श्रावणात गवत गुडघ्याला लागायचं, नवरात्राच्या सुमाराला ते निसवायचं आणि दिवाळीच्या आगेमागे पिवळं पडून कापणीला यायचं. माझे सासरे करड कापायला जायचे ते सकाळचं दव वाळल्यावर. ओल्या गवताला विळा लावायचा नाही हा त्यांचा नेम होता. कापलेलं गवत तिथेच पसरायचं, दुसऱ्या दिवशी उलटायचं, तीन चांगली उन्हं खाल्ली की भारे बांधायचे. भारा बांधण्याआधी ते मूठभर गवत पिळून बघत. काड्या कडकन मोडल्या तर वाळलं, नुसत्या वाकल्या तर अजून एक ऊन. पेरावर नख दाबूनही कळतं, कारण पान वाळतं पण पेरात ओल राहते. आज कृषी विद्यापीठं सांगतात की साठवायच्या गवतात पाण्याचा अंश साधारण १५ टक्क्यांच्या आत असावा आणि २० टक्क्यांच्या वर गेला की बुरशीचं भय असतं. सासऱ्यांची मूठ तेच सांगत होती.

ही तीन उन्हं आता मिळत नाहीत. माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

यंदाचंच वर्ष घ्या. २०२५ चा मान्सून २४ मे रोजी केरळात पोचला आणि दुसऱ्याच दिवशी गोव्यात आला. एरवी आमच्याकडे तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. मे महिन्यात सडा हिरवागार झालेला पाहून ओळखीची माणसं म्हणाली, यंदा तुमच्या गुरांची मजा आहे. पण मेअखेरीस मान्सून थबकला आणि जूनच्या मध्यापर्यंत नीट पुढे सरकला नाही. सड्यावर माती असते जेमतेम चार बोटं, खाली सगळा जांभ्याचा कातळ. पाऊस थांबून ऊन पडलं की तो कातळ तव्यासारखा तापतो. मेच्या पावसाने रुजून आलेली कोवळी गवतं त्यात जागोजागी करपली. वर्षायू, म्हणजे एकाच हंगामात उगवून मरणाऱ्या, गवताचं बी जमिनीत पडून असतं, त्यातलं बरंचसं पहिल्याच चांगल्या ओलीला रुजून येतं. ते करपलं की त्या जागेवर दुसऱ्या पावसात गवत विरळ येतं आणि मोकळी राहिलेली जमीन टाकळा बळकावतो. टाकळ्याला गुरं तोंड लावत नाहीत. कडेकडेने रानमोडीचं तण आत सरकतं ते वेगळंच. यंदा आमच्या वरच्या सड्यावर मी हे डोळ्यांनी पाहिलं. गेल्या वर्षी जिथे करडाचे भारे निघाले, तिथे सप्टेंबरात टाकळ्याच्या शेंगा लटकत होत्या.

जे गवत जगलं त्याचीही कथा सरळ नाही. पावसाळी गवतं बहुतेक करून दिवस लहान होऊ लागले की फुलतात. पाऊस मेमध्ये आला म्हणून ती ऑगस्टमध्ये निसवत नाहीत. पाऊस लवकर आला तरी फुलोरा आपल्या वेळेलाच येतो. मग मधल्या जास्तीच्या दिवसांत गवत करतं काय, तर नुसतं उंच वाढतं. काडी जाड होते, पानं त्या मानाने कमी पडतात. भारा दिसायला मोठा आणि खायला निकस. गाय पानं ओरबाडून खाते आणि काड्या गव्हाणीत तशाच टाकते. दिवसाच्या शेवटी गव्हाण साफ करताना जे उरतं त्याचा ढीग यंदा रोज वाढतो आहे.

आणि एवढं करून कापणीची वेळ आली तेव्हा पाऊस. दिवाळी २० ऑक्टोबरला सुरू झाली आणि त्याच आठवड्यात अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या क्षेत्राने आम्हाला गाठलं. काहींचं भात उभं होतं, काहींचं कापून शेतात पसरलं होतं, काहींचं करड सड्यावर अर्धवट वाळलं होतं. घाईने उचलून उडवी, म्हणजे पेंढ्यांची रास, रचावी तर आत ओल कोंडते. न उचलावं तर शेतात कुजतं. शेजारच्या घरी रचलेल्या उडवीत मी हात घातला तेव्हा आतून चक्क ऊब लागली. एक पेंढी ओढून काढली तर राखाडी धूळ उडाली आणि कुबट वास आला. ती पेंढी गायीसमोर टाकली. तिने नाक लावलं, फुर्रकन श्वास सोडला आणि मान फिरवली. भुकेलं जनावर मात्र असा पेंढा खातं, आणि तिथेच खरा धोका आहे. बुरशीच्या काही जातींपासून तयार होणारं विष चाऱ्यातून जनावराच्या पोटात आणि तिथून दुधात उतरतं. म्हणजे हा प्रश्न आमच्या गोठ्यापुरता नाही. ज्यांच्या घरी सकाळी दुधाची पिशवी येते त्यांचाही आहे.

एका वर्षाचा अपवाद असता तर मी पत्र लिहायला बसले नसते. २०१९ मध्ये ऑक्टोबरअखेरीस ‘क्यार’ चक्रीवादळाने कापणीच्या ऐन दिवसांत असाच पाऊस आणला. २०२१ मध्ये मेच्या मध्याला ‘तौक्ते’ आलं आणि जुलैत पूर. २०२३ मध्ये मान्सून केरळातच ८ जूनला पोचला, नंतर ऑगस्ट जवळपास कोरडा गेला; १९०१ पासूनच्या नोंदींत देशाने इतका कोरडा ऑगस्ट पाहिला नव्हता. ऐन वाढीच्या महिन्यात पाणी नसल्यामुळे त्या वर्षी करड गुडघ्याच्या वर गेलंच नाही. २०२४ मध्ये उलट. गोव्याची पावसाळ्याची सरासरी ३ हजार मिलिमीटरच्या आसपास, त्या वर्षी ४ हजारांच्या वर पाऊस कोसळला. सूर्य दिसेना, जमिनीतलं नत्र वाहून गेलं, गवत वाढलं पण फिकट, पिवळसर. चाऱ्यासाठी लावलेल्या नेपियर गवताची ठोंबं पाणथळ कोपऱ्यात कुजली. एक वर्ष कोरडं, एक बुडालेलं, एक लवकर येऊन मधेच थांबलेलं. कोणत्या वर्षाला धरून शेतकऱ्याने चाऱ्याचं नियोजन करावं?

यावर शहरातल्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो, आणि तो प्रामाणिकपणे विचारलेला असतो म्हणून त्याचं उत्तर नीट देते. तो म्हणतो, पाऊस जास्त, म्हणजे हिरवा चारा जास्त, मग तक्रार कसली? साधारण ४०० किलो वजनाच्या दुभत्या गायीला दिवसाला १० ते १२ किलो कोरडं अन्न पोटात जावं लागतं. कोरडं म्हणजे पाणी वजा जाता उरणारं. भर पावसातल्या कोवळ्या गवतात ८० ते ८५ टक्के पाणीच असतं. असं ३० किलो गवत खाल्लं तरी कोरडं अन्न मिळतं पाच-सहा किलो. पोट तुडुंब दिसतं, शेण पातळ होतं आणि दुधातलं फॅट घसरतं, कारण फॅटसाठी चाऱ्यात तंतुमय भाग लागतो. सोसायटीत दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून दुधात उरणाऱ्या घन भागावर, ठरतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्येही हिरव्या गवताबरोबर दोन-चार किलो सुका पेंढा द्यावाच लागतो. पावसाळ्यात गोव्यात सुक्या चाऱ्याची गरज असते हे बाहेरच्या माणसाला पटत नाही, पण गोठा चालवणाऱ्या कुणालाही विचारून बघा.

पेंढ्याची टंचाई फक्त पावसाने आणलेली नाही, हेही लिहायला हवं. पूर्वी भात झोडून काढायचे तेव्हा सरळ, लांब काडीच्या पेंढ्या मिळायच्या. खाजन, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या खारट, जमिनीतल्या कोरगुटासारख्या उंच जातींचा पेंढा तर छातीपर्यंत यायचा. आता बहुतेक शेतांत जया, ज्योती यांसारख्या जाती आहेत. दाणा चांगला देतात, काडी त्या मानाने आखूड. त्यात मजूर मिळत नाहीत म्हणून कापणी हार्वेस्टरने होते. हार्वेस्टर बुंधा शेतात सोडतो आणि वरची काडी तुकडे करून चिखलात टाकत जातो. मी हार्वेस्टरच्या विरोधात नाही. माणसं नाहीत तिथे यंत्र येणारच. पण हार्वेस्टरमागे पेंढा गोळा करून गठ्ठे बांधणारं बेलर यंत्र आलं नाही, आणि आपल्या चिंचोळ्या मेरांच्या (बांधांच्या) शेतांत चालेल असं लहान बेलर शोधून आणण्याचं काम कुणी अंगावर घेतलं नाही. त्यामुळे दाणा घरी येतो आणि तेवढ्याच वजनाचा, कधी कधी जास्तच, पेंढा शेतात कुजतो. मग आम्ही बेळगाव, कोल्हापूरकडून येणाऱ्या ट्रकची वाट बघतो. तिकडे दुष्काळ पडला की चारा जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी येते, आणि त्यात त्यांची चूक नाही. आधी त्यांची जनावरं जगायला हवीत.

चराऊ जमीनही आक्रसली. मोपाच्या सड्यावर डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. त्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या गुरं चरत होती. विमानतळ हवा की नको हा वाद मला इथे उकरायचा नाही. एवढंच सांगते की जिथे चराई संपते तिथल्या गुरांची भूक दुसऱ्या कुठल्या तरी सड्यावर जाऊन पडते, आणि उरलेल्या सड्यांवर भार वाढतो. काही डोंगरउतार काजूखाली गेले. कोमुनिदादच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामायिक संस्थेच्या, पडीक जमिनींवर करड उभं असतं, पण ते कापायची रीतसर परवानगी कुणाकडे मागायची हे लोकांना ठाऊक नसतं. न कापलेलं करड फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात कोरडंठाक होतं. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर आगी लागल्या त्या साऱ्या गोव्याने पाहिल्या. आगी कशा लागल्या यावर तेव्हा खूप बोललं गेलं. पण ठिणगी कुठूनही येवो, तिला धावायला वाळलं गवत लागतं. अभयारण्यात विळा चालवा असं मी म्हणत नाही. गावालगतच्या सड्यावरचं करड दिवाळीनंतर वेळेत कापलं गेलं तर गुरांना चारा मिळतो आणि वस्तीच्या बाजूने आग अडते, एवढं तरी करता येईल.

आम्ही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. पाटाचं पाणी पोचतं तिथे कोईमतूरच्या विद्यापीठाचं को-४, को-५ किंवा राहुरीचं फुले जयवंत नेपियर लोकांनी लावलं आहे. दोन डोळ्यांची कांडी लावायची, अडीच महिन्यांनी पहिली कापणी, पुढे दर दीड-दोन महिन्यांनी. गवत चांगलं आहे, पण नुसत्या नेपियरवर गाय ठेवता येत नाही. त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून खनिज मिश्रण आणि सुका चारा जोडीला हवाच. मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा, हा दुसरा मार्ग. उन्हाचा भरवसा नसेल तर गवत वाळवण्याच्या मागे न लागता ते मुरवावं, हे मला पटलेलं आहे. नेपियरचे तुकडे करून थोडे सुकवायचे, मुठीत दाबले तर तळवा ओला व्हावा पण पाणी ठिबकू नये. नेपियरमध्ये साखर कमी असते, म्हणून गुळाचं पाणी शिंपडायचं. पिशवीत दाबून दाबून हवा काढायची आणि दीड महिना उघडायची नाही. उघडल्यावर आंबूस-गोड वास आला आणि रंग पिवळसर हिरवा असला तर साधलं. आमच्या गायी त्याच्यावर तुटून पडतात. पण चारा बारीक कापणारं कुट्टी यंत्र, जाड पिशव्या आणि दाबायला दोन माणसं, एवढं ज्याच्याकडे आहे त्याला हे जमतं. दोन गायींच्या बाईला एकटीने जमत नाही. ते वाड्यावर चार घरांनी मिळून करण्याचं काम आहे, आणि यंत्र वाड्याला मिळालं तर होण्यासारखं आहे.

निकस पेंढ्याला युरियाची प्रक्रिया करता येते. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरांवर सारखा शिंपडायचा, प्लास्टिकखाली तीन आठवडे बंद ठेवायचा. पेंढ्यातली प्रथिनं तीन-चार टक्क्यांवरून जवळपास दुप्पट होतात. लहान वासरांना तो घालायचा नाही आणि प्रमाण अंदाजाने धरायचं नाही, यात जिवाचा धोका आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने पशुवैद्याला विचारूनच करावं. पण ही प्रक्रिया चांगल्या, वाळलेल्या पेंढ्याची. काळ्या पडलेल्या, बुरशीने धरलेल्या पेंढ्यावर हा उपाय नाही. यंदाचा पेंढा त्या पलीकडे गेला आहे.

आता सरकारकडचं मागणं. भाताच्या नुकसानीचे पंचनामे होतात तेव्हा दाणा किती गेला ते लिहिलं जातं. मी पेंढ्याविषयी विचारलं तेव्हा अर्जात त्यासाठी रकाना नाही असं उत्तर मिळालं. उत्तर देणारा माणूस सौजन्याने बोलला, त्याच्या हातात होतं तेवढं त्याने केलं. पण रकाना नाही म्हणजे नुकसानच नाही असं होत नाही. दाणा वाचला आणि पेंढा कुजला असंही घडतं, कारण मळणी होऊन पेंढा शेतात असताना पाऊस येतो. अशा शेतकऱ्याचं नुकसान आज कागदावर शून्य आहे. सड्यावरच्या करडाचं तर नावच नाही, कारण ते कुणी पेरलेलं नसतं. पण ते कापलेलं असतं, वाळवलेलं असतं, डोक्यावरून उतरवलेलं असतं, आणि त्याच्यावर दूध उभं असतं. सरकार एकीकडे गायी घ्यायला कामधेनू योजनेतून अनुदान देतं. त्या गायीने एप्रिलमध्ये काय खायचं याचाही विचार त्याच हाताने व्हावा.

तालुक्याला एक चारा कोठार असावं. जमिनीपासून उंच ओटा, वर पत्रे, बाजूंनी वारा खेळता. ज्या वर्षी करड भरपूर आलं त्या वर्षी ते विकत घेऊन ठेवायचं आणि ज्या वर्षी कापणी बुडाली त्या वर्षी वाजवी दराने द्यायचं. पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण, धारबांदोडा अशा तालुक्यांत गुरं आहेत आणि जागाही निघेल.

आणखी एक गोष्ट, जिला पैसे फारसे लागत नाहीत. हवामान खात्याचा शेतीसाठीचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्यात भात, काजू, नारळ, भाजीपाला यांच्यावर मजकूर असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यात एक ओळ चारा कापणीसाठी स्पष्ट यावी: पुढचे चार दिवस कोरडे आहेत, कापून घ्या, किंवा थांबा, पाऊस आहे. आपण तो सल्ला पहिल्या पानावर छापलात तर तो दूध सोसायटीच्या फळ्यावरही लागेल. पहाटे दूध घालायला येणारा प्रत्येक जण तिथे उभा असतो.

आमच्या वाड्यावर अजून काही शेतांचे पंचनामे बाकी आहेत. छापील अर्ज बदलायला वेळ लागेल हे मी समजू शकते. पण जे अधिकारी येत्या दिवसांत बांधावर येतील त्यांनी त्या अर्जाच्या मोकळ्या जागेत हाताने का होईना, किती पेंढा भिजला आणि किती करड कुजलं हे लिहून घ्यावं, असे आदेश कृषी आणि पशुसंवर्धन या दोन्ही खात्यांनी मिळून लगेच काढावेत.

आपली,
एक दूध उत्पादक शेतकरी,
पेडणे तालुका, गोवा